शिंगराच्या डोळ्याखाली

अवजारांच्या दुकानात मी एकटी गेले की दुकानदार आधी माझ्या मागं पाहतो. मागं कोणी नसतं. मग विचारतो, "साहेब गाडीतच बसले काय?" साहेब, म्हणजे माझे यजमान, त्या वेळी घरी पेपर वाचत असतात. त्यांना चारा कापायच्या कडबा कुट्टीतलं काही कळत नाही आणि घोड्यातलं तर त्याहून कळत नाही. घोडी माझी, वावर माझं, पगार माझा. पण कुट्टीच्या पात्यांना धार कधी लावायची, हे दुकानदार मला सांगायला तयार नाही. पहिलं यंत्र घेतलं तेव्हा तो ते सगळं माझ्यासोबतच्या मालवाहू ऑटोवाल्याला समजावत होता, आणि ऑटोवाला बिचारा माझ्याकडे पाहत होता. यंत्र वावरात आणलं तर मोटर थ्री फेजची, आणि माझ्या गोठ्यावरची जोडणी सिंगल फेजची. मी हे आधी दोनदा सांगितलं होतं. परत घेऊन गेले तर म्हणाला, "मॅडम, अशा कामाले एखादा माणूस सोबत आणाचा असते." अजून ते वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी रागीट आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. दर्यापूरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी विज्ञान शिकवते. वडिलांनी वाटणीत मला तीन एकर काळी जमीन दिली, भावाच्या जमिनीला लागून. भाऊ कपाशी, सोयाबीन, तूर घेतो. मी थोड्या जागेत चारा लावते आणि एक घोडी पाळते. ज्यानं नवी चारचाकी घेऊन अंगणात झाकून ठेवली, त्याला कोणी काही विचारत नाही. मला मात्र बसस्टँडवरचा अनोळखी माणूसही विचारतो, "मॅडम, घोडी काहून पाळली? लग्नात भाड्यानं देता काय?" नाही देत. मला घोडं आवडतं, लहानपणापासून आवडतं, आणि चाळिशी ओलांडल्यावर कोणाला विचारायचं उरलं नाही म्हणून घेतली. एवढं साधं उत्तर लोकांना पुरत नाही.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. घोडी खानदेशातल्या यात्रेतून आणलेली, गोड्या पाण्यावर वाढलेली. तिनं आमच्या बोअरच्या खारट पाण्यात नाक बुडवलं, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. म्हणून माझी दुसरी खरेदी पाण्याची टाकी बसवलेली ट्रॉली. ती ओढायला ट्रॅक्टर भावाचा. दर एक दिवसाआड तो गावातल्या नळावरून टाकी भरून आणायचा. मी सांगितलं नव्हतं. सकाळी शाळेच्या आधी मी वावरात पोचायचे तर घोडीला खरारा झालेला असायचा, दाण्याची चंदी दिलेली असायची. भावाबद्दल पुढं जे लिहिणार आहे त्याच्या आधी हे लिहिणं भाग आहे. वडील गेल्यावर जमिनीच्या वाटणीवरून ज्या घरी कोर्टकचेऱ्या झाल्या नाहीत, अशी आमच्या गावात थोडीच घरं आहेत. त्यात आमचं एक, आणि ते त्याच्यामुळं. घोडी घ्यायला यात्रेत माझ्यासोबत तोच आला होता.

त्या यात्रेतच मी भोवऱ्यांचा बाजार पाहिला. घोड्याच्या अंगावर केसांचं जिथं वळण पडतं तो भोवरा. घेणारे घोड्याचे दात पाहत नव्हते, खूर उचलून पाहत नव्हते, चालवून पाहत नव्हते. कपाळावरून, मानेवरून, छातीवरून बोट फिरवत होते. अमुक जागी भोवरा असला तर भरभराट, तमुक जागी असला तर मालकाचा घात. एका लंगड्या घोड्याचा भोवरा चांगल्या जागी होता म्हणून त्याच्याभोवती गर्दी, आणि धडधाकट घोडं बाजूला उभं. मी मोठ्यानं हसले. भाऊ हसला नाही. त्यानं माझ्या घोडीच्या सर्व अंगावरून बोट फिरवलं आणि मगच म्हणाला, "घे."

तिसऱ्या वर्षी घोडी भरवायचं ठरवलं. तेल्हाऱ्याच्या पलीकडं एका बागायतदाराकडं चांगला नर होता. पिकअप गाडीत घोडी चढवून आम्ही दोघं बहीण-भाऊ गेलो. बागायतदारानं चहा दिला आणि मग तेच, कपाळापासून शेपटीपर्यंत बोट. त्याचं समाधान झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "घोडी साफ हाय तुमची, मॅडम." मी विज्ञानाची शिक्षिका. मुलांना मी शिकवते की पुरावा मागा. आणि त्या माणसाच्या त्या वाक्यानं मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. परतीच्या वाटेवर मी दोनदा भावाला म्हटलं, "साफ हाय म्हने." याची मला आज लाज वाटते.

अकरा महिने. शेवटच्या महिन्यात मी गोठ्यात मुरूम भरून घेतला, कारण आमच्या काळ्या मातीत पावसात माणसाची चप्पल अडकते तिथं नव्या जनावराचे पाय काय टिकणार. घोडी पहाटे व्याली. मी पोचले तेव्हा शिंगरू उठायच्या खटपटीत होतं. चारही पाय चार दिशांना, पुढचे उभे केले की मागचे बसायचे. मादी. गडद कुमैत, म्हणजे तपकिरी रंग, जवळजवळ काळाच. कितव्या तरी खेपेला ते उभं राहिलं, आईच्या पोटाखाली शिरलं आणि चुकीच्या टोकाला दूध शोधायला लागलं. भावानं हलक्या हातानं त्याला वळवलं. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

तिसऱ्या दिवशी भाऊ ओल्या फडक्यानं शिंगराचं तोंड पुसत होता, तो थांबला.

"बाई, जरा इकडं पाह्य. याच्या डोयाखाली भोवरा हाय."

उजव्या डोळ्याच्या बरोबर खाली, हरभऱ्याएवढा. गडद रंगात पटकन दिसतही नव्हता. बोट फिरवलं तर लागायचा.

"मंग? केसायचं वळण हाय ते. माह्या डोक्यावर बी हाय."

"तसा नाही. हा आसूढाळ. आसू ढळते त्या जागी असते. ज्याच्या दावणीले असं जनावर, त्याच्या घरी रडणं येते."

इथं हे सांगायला हवं की यजमानांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख तेव्हा ठरलेली होती. नागपूरला, त्याच महिन्याच्या शेवटी. भावाच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याला बोलायची गरज नव्हती.

"दादा, येडा झाला काय तू?" मी म्हटलं. आणि पुढं म्हटलं, "पन कोनाले सांगजो नोको."

ते दुसरं वाक्य माझं आहे. मी ते लोकांच्या तोंडाला भिऊन म्हटलं, भोवऱ्याला भिऊन नाही, असं मी स्वतःला तेव्हापासून शंभरदा सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी मी शिंगरासाठी रुंद पट्ट्याची मोहरकी, म्हणजे जनावराच्या तोंडाला बांधतात ती, शिवून आणली; दोरीची नव्हे, कापडी. पट्टा बरोबर डोळ्याखाली यायचा.

शिंगरू पाहायला लोक येतच होते. त्यातल्या एकानं पट्टा उचलून पाहिला. लोकांच्या घरी जाऊन कोणाच्या पोराचा कान उलटा करून पाहाल का तुम्ही? पण त्यानं पाहिला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मग आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत मला सल्ले मिळू लागले. माझ्याच बाजूला बसून नववीला आनुवंशिकता शिकवणारे सर म्हणाले, "मॅडम, मी मानत नाही, पण सरांचं ऑपरेशन आहे ना? मग रिस्क कशाला घ्यायची? देऊन टाका कोणाला." मी विचारलं, "कोणाला देऊ? ज्याच्या घरी रडणं आलेलं चालेल त्याला?"  मी मानत नाही पण, मी मानत नाही पण. या 'पण'नं माझं डोकं जेवढं फिरतं तेवढं उघड मानणाऱ्यानं फिरत नाही.

ऑपरेशनला पाच दिवस होते. मी वर्गात होते. मधल्या सुट्टीच्या जरा आधी वहिनीचा फोन आला. वहिनी कधी शाळेत फोन करत नाही. "बाई, लवकर या. शिंगराच्या डोयात बिबा गेला."

बिबा म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. ते लहान काळं फळ सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्याचं काळं तेल सुटतं. कातडीवर लागलं तर उततं, फोड येतो, कातडी जाते. भावाच्या डोक्यात असं होतं की भोवऱ्यावर बिब्याचा ठिपका लावला तर कातडी जळेल, केस जातील, भोवरा मिटेल. भोवरा मिटला की रडणं टळेल. त्यानं वहिनीला शिंगराचं डोकं धरायला लावलं. वहिनीच्या हातात तीन आठवड्यांचं शिंगरू कितीसं राहणार? चटका बसला, त्यानं मान झटकली, आणि तेल डोळ्यात गेलं.

मी पोचले तेव्हा वहिनी पदरानं त्याचा डोळा टिपत होती. तिनं वरून खोबरेल तेल घातलं होतं, कारण माणसाला बिबा उतला की तेच लावतात. शिंगरू डोळा घट्ट मिटून थरथरत होतं आणि घोडी दावं तोडायला निघाली होती. भाऊ ट्रॉलीला टेकून उभा होता. त्याच्या हातात अजून ती सुई होती.

मी डोळ्यावर गोड्या पाण्याची धार धरली, दर्यापूरच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, हिला अकोल्याला न्या. पिकअप बोलावली. मायलेकींना चढवलं. भाऊ गाडीत चढायला आला तर मी फळी ओढून घेतली. अकोल्यापर्यंत मी मागं, उभ्यानं, शिंगराचं डोकं छातीशी धरून गेले. पळसाखालून, टोलावरून, गावागावांतल्या गतिरोधकांवरून. प्रत्येक गतिरोधकाला मी त्या ड्रायव्हरला शिव्या दिल्या. त्याचा काही दोष नव्हता.

अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून बॅटरीनं पाहिलं. बुबुळ जवळजवळ सगळंच हिरवं चमकलं. जिथं जखम असते तिथं तो रंग धरतो, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "कसं झालं?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "शेती." शिक्षिका आहे, विज्ञान शिकवते, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

औषधं दर दोन तासांनी घालायची होती. मी रजा टाकली. नागपूरला निघेपर्यंतचे चार दिवस मी गोठ्यातच राहिले म्हटलं तरी चालेल; पुढं वहिनीनं औषधं घातली. चौथ्या दिवशी भाऊ आला. बांधावर उभा राहिला.

"बाई, मी काई मुद्दाम केलं काय?"

"मले इचारलं होतं काय तू? शिंगरू कोनाचं हाय?"

"तुलेच पाहून केलं. तू सोताच म्हनली, कोनाले सांगजो नोको. मंग पट्टा बांधला. येवढी शिकलेली बाई लपवून राहिली म्हनल्यावर मले वाटलं, इले बी भेव हाय, फक्त बोलून नाही राहिली. मले वाटलं तुह्या जिवाचा घोर जाईन."

इतका राग माझ्या अंगात होता आणि त्याला जायला जागा राहिली नाही. मी खरारा उचलून त्याच्या दिशेनं फेकला. लागला नाही. तो उचलून त्यानं फाटकावर ठेवला आणि गेला.

ऑपरेशन नीट झालं. यजमान बरे झाले; आता रोज सकाळी चालायला जातात आणि मला मीठ किती खावं यावर भाषणं देतात. शिंगराचा डोळा मात्र गेला. आधी निळसर झाला, मग दुधासारखा पांढरा. आणि आता गावाची मजा ऐका. निम्मे लोक म्हणतात, पाहा, आसूढाळ खरा ठरला, मॅडमच्या घरी रडणं आलंच. उरलेले म्हणतात, बिबा लावला म्हणून साहेब वाचले. जे यायचं होतं ते जनावरावर गेलं. म्हणजे काहीही झालं असतं तरी भोवराच बरोबर. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना कोणी एक अक्षर श्रेय देत नाही. डोळा भोवऱ्यानं गेला नाही, माझ्या भावाच्या हातानं गेला, हे मी ज्याला त्याला ठणकावून सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "पन त्याले बुद्धी तशी कोनं देली?"

मी रडले नाही. इतकी हट्टानं रडले नाही की यजमान घाबरले. मला रडायचं होतं. पण माझ्या डोळ्यातून एक थेंब जरी पडला तरी तो भोवऱ्याच्या खात्यात जमा होणार, हे मला सहन होत नव्हतं. एका केसांच्या वळणानं माझ्याकडून रडायचासुद्धा हक्क काढून घेतला.

शिंगरू मोठं होऊ लागलं. उजवीकडून कोणी आलं तर दचकायचं. दोनदा ट्रॉलीच्या लोखंडी दांड्याला धडकलं, म्हणून मी तिथं जुनी पोती गुंडाळली. उजवीकडून जाताना मी आधी बोलायला शिकले. काहीही बोलायचे, वर्गातल्या पोरांचा हजेरीपट म्हणायचे. तेही शिकलं, मान पूर्ण वळवून डाव्या डोळ्यानं पाहायचं आणि मग पुढं यायचं. भाऊ गोठ्यात येत नव्हता. पण दर एक दिवसाआड टाकी भरून यायची. तो ती बांधापाशी सोडायचा, ट्रॅक्टर घेऊन परत जायचा. मी नको म्हटलं नाही. आभारही मानले नाहीत. असे सहा-सात महिने गेले असतील.

मग एका सकाळी टाकी घेऊन आला तेव्हा मीच त्याला हाक मारली. काहून मारली, मलाच माहीत नाही. कदाचित थकले होते. इतका राग रोज उचलून चालायला अंगात बळ लागतं. तो फाटकातून आत आला, चप्पल बाहेर काढून, देवळात आल्यासारखा. शिंगरू त्याच्या वासानं पुढं झालं. त्यानं खिशातून हरभरे काढले, तळहातावर धरले. ते खाऊ लागलं. त्याला काय माहीत कोणी काय केलं. भावाचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा रडेल, आणि रडला तर मी माफ करीन.

तेवढ्यात त्याचं लक्ष डोळ्याखाली गेलं.

बिब्यानं जळलेल्या जागी केस परत आले होते. पांढरे. गडद अंगावर पांढरे, आणि त्याच वळणाचे. जो भोवरा आधी बोटाला लागायचा तो आता चार पावलांवरून दिसत होता. भावानं हात मागं घेतला. उरलेले हरभरे खाली पडले. पांढऱ्या पडलेल्या डोळ्याकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"हा तं पुन्हा आला, बाई," तो म्हणाला. "आता याचं काय करावं?"

मी त्याचा दंड धरला आणि त्याला फाटकाबाहेर काढलं. त्याची चप्पल बाहेर होती म्हणून बरं झालं. "यापुढं टाकी बी आनू नोको," मी म्हटलं, "मी माह्या पैशानं मानूस लावतो." तो ट्रॅक्टर सुरू करून निघून गेला. मी फाटकाला साखळी घातली आणि कुलूप लावलं.

शाळेची वेळ झाली होती. मी निघाले. वावरातून पांदणीच्या गाडवाटेनं रस्त्यावर आले, आणि बसची वाट पाहायची जागा सोडून थोडी पुढं चालत गेले, जिथून आमचा गोठा समोर दिसतो. शिंगरू कुंपणापाशी उभं होतं, उजवी बाजू रस्त्याकडं करून. मी डोळे बारीक करून पाहिलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो पांढरा भोवरा दिसेल का, हे मला पाहायचं होतं.

दिसत होता.